ताकद आहे, पण ताबा नाही: गुडघेदुखीवर वाचकांचे प्रश्न

गुडघ्याच्या झिजेबद्दल येणाऱ्या पत्रांत ‘गॅप किती उरलाय’ आणि ‘वंगण संपलंय का’ हे दोन प्रश्न ठरलेले असतात. या वेळी आम्ही मुद्दाम हालचालीबद्दलची पत्रं निवडली आहेत. पाय ऐकत नाही, गुडघा दगा देतो, ताकद येऊनही जिना उतरता येत नाही, अशा तक्रारींची. झिजलेली कूर्चा व्यायामाने पुन्हा उगवत नाही. पण स्नायूंनी कधी आवळायचं, किती आवळायचं आणि कधी सोडायचं, हे त्यांना नव्याने शिकवता येतं. खालच्या उत्तरांत भर आहे तो त्यावरच.

वय ५९. उजव्या गुडघ्याची झीज एक्स-रेत दुसऱ्या टप्प्याची आली आहे. मी रोज पाऊण तास चालतो. तरी उजवी मांडी डावीपेक्षा बारीक दिसते आणि जिना उतरताना गुडघा एकदम सैल पडतो. दुखत फारसं नाही. न दुखता असं का व्हावं?

कारण मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, मिळणारा हुकूमच अर्धवट पोचतो आहे. सांध्यात सूज आली की त्याच्या आवरणातल्या संवेदना टिपणाऱ्या नसा ताणल्या जातात. त्या मज्जारज्जूला सतत खबर देत राहतात आणि मज्जारज्जू या स्नायूचा आवाज खाली आणतो. याला आर्थ्रोजेनिक इन्हिबिशन म्हणतात. तुम्ही मनापासून जोर लावता, पण स्नायूतले बरेच तंतू कामावर हजरच होत नाहीत. वापर नाही म्हणून स्नायू बारीक होतो, आणि बारीक झाला म्हणून आणखी दुबळा.

यासाठी दुखण्याची गरज नसते. निरोगी गुडघ्यात जेमतेम चमचाभर द्रव असतो. निरोगी माणसांच्या गुडघ्यात इंजेक्शनने २० ते ३० मिलिलिटर सलाइन भरलं, तर मांडीच्या पुढच्या स्नायूचा आतला भाग मंदावतो. ५० ते ६० मिलिलिटरला बाकीचे भागही मंदावतात. वंगण संपल्याची काळजी करणाऱ्या कितीतरी जणांच्या गुडघ्यात खरं तर द्रव गरजेपेक्षा जास्त झालेला असतो.

हे पाणी घरी तपासता येतं. पाय सरळ करून बसा, मांडी सैल सोडा. वाटीच्या आतल्या बाजूने तळहात खालून वर दोन-तीनदा फिरवा, म्हणजे तिथला द्रव वर ढकलला जाईल. आता वाटीच्या बाहेरच्या बाजूने हात वरून खाली आणा आणि नजर आतल्या बाजूच्या खळग्यावर ठेवा. खळगा हळूच फुगला, लाटेसारखा भरला, तर गुडघ्यात पाणी आहे.

स्नायू जागा आहे का, हेही बघा. गुडघ्याखाली टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. वाटी मांडीकडे सरकायला हवी, तिच्या वर आतल्या बाजूला बोटांना घट्ट गोळा लागायला हवा आणि टाच किंचित उचलली जायला हवी. दोन्ही पायांवर करून बघा, फरक हाताला लगेच कळतो. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचला. टाच वर गेली पण गुडघा थोडा वाकलेलाच राहिला, तर शेवटच्या काही अंशांत स्नायूचा ताबा सुटतो आहे.

पहिले दोन-तीन आठवडे व्यायामही हाच. गुंडाळी दाबून ५ ते ६ सेकंद धरा आणि पूर्ण सोडा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. इथे तीन चुका हमखास होतात. कुल्ला आवळला जातो, टाच जमिनीत रुतते (म्हणजे मांडीमागचा स्नायू काम करतोय) आणि श्वास कोंडला जातो. एक हात मांडीच्या पुढच्या भागावर ठेवा, दुसरा मागच्या. पुढचा घट्ट आणि मागचा त्यामानाने मऊ, असं जमेपर्यंत वजन वाढवण्याच्या फंदात पडू नका.

गुडघ्यात पाणी असेल तर व्यायामाआधी २० मिनिटं कापडात गुंडाळलेला बर्फ गुडघ्याभोवती ठेवा आणि लगेच व्यायामाला लागा. थंडाव्याने ती खबर देणाऱ्या नसा थोड्या शांत होतात आणि तेवढ्या वेळात स्नायू जास्त चांगला आवळता येतो. त्वचेला बधिरपणा असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर बर्फ टाळा. इतकं करूनही गोळा हाताला लागतच नसेल, तर फिजिओथेरपिस्ट विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू आवळून देतात. त्या यंत्राने नुसत्या मुंग्या येऊन भागत नाही, स्नायू डोळ्यांना दिसेल इतका आवळला पाहिजे. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र लावू नये.

तुमच्या चालण्याबद्दल: ते सोडू नका. पण सपाटीवर चालताना या स्नायूला फार थोडं काम पडतं. पाऊण तास चालूनही मांडी भरली नाही, यात नवल नाही.

चालताना माझा पाय लाकडासारखा ताठ पडतो. घरचे म्हणतात, गुडघा वाकवतच नाहीस. मी वाकवायचा प्रयत्न करते, पण संध्याकाळी मांडी पुढूनमागून दगड होते.

पहिल्या पत्रातला स्नायू कमी काम करत होता. तुमचे स्नायू नको तितका वेळ कामावर राहतात. टाच टेकल्यावर गुडघ्याने १५ ते २० अंश लवायचं असतं. हा लवणारा गुडघा म्हणजे शरीराची स्प्रिंग. त्या वेळी पुढचा स्नायू हळूहळू सैल सुटत वजन झेलतो आणि मागचा स्नायू लवकरच शांत होतो. गुडघा अस्थिर वाटला, दुखायची भीती बसली, की शरीर सोपा मार्ग निवडतं: पुढचा आणि मागचा दोन्ही एकदम आवळून सांधा जखडून टाकायचा.

यात तात्पुरता आधार मिळतो, पण पुढून आणि मागून ओढणारे दोन्ही स्नायू मिळून हाडं एकमेकांवर दाबतात. दणका झेलणारी स्प्रिंग जाते आणि थकवा येतो तो वेगळाच. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात चालताना आतल्या बाजूचे स्नायू जितका जास्त वेळ एकत्र आवळलेले राहत होते, तितकी वर्षभरात आतल्या बाजूची कूर्चा जास्त घटलेली आढळली. म्हणून ‘स्नायू घट्ट ठेवा, गुडघा सांभाळा’ हा सल्ला आम्हाला अर्धवट वाटतो. सोडता येणं हेही तितकंच कौशल्याचं काम आहे.

शिकायचं असं. उंच टेबलावर बसून पाय अधांतरी सोडा आणि दोन मिनिटं घड्याळाच्या लंबकासारखे झुलू द्या. ढकलू नका, झुलू द्या. मग घरच्या कुणाला तरी तुमची टाच धरून पाय सरळ करायला सांगा आणि पायाचं सगळं वजन त्यांच्या हातात सोडा. हात काढल्यावर पाय सहज खाली आला पाहिजे. तो हवेतच तरंगत राहिला, तर तुम्ही नकळत धरून ठेवलं आहे. बऱ्याच जणांना हे पहिल्यांदा तिथे कळतं.

पुढची पायरी खुर्चीवर. गुळगुळीत फरशीवर टाचेखाली कापड घ्या. टाच चार सेकंदांत पुढे, चार सेकंदांत मागे, गुडघा अडखळू न देता. १० फेऱ्या झाल्या की उभं राहा, दुखऱ्या पायावर वजन टाकत गुडघा किंचित लवू द्या आणि परत या. हे जमलं की चालण्यात आणा: पावलं थोडी छोटी, टाच अलगद, आणि टेकताक्षणी गुडघा मऊ. एका वेळी फक्त वीस पावलं लक्ष देऊन चाला, मग नेहमीसारखं चाला, पुन्हा वीस. सगळा वेळ लक्ष ठेवायला गेलात तर पाय आणखी ताठरतो.

तीन महिने घोट्याला वजनाचा पट्टा बांधून खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम केला. अर्ध्या किलोवरून तीन किलोवर आलो. दुखणं थोडं कमी झालं, पण जिना आणि खुर्चीतून उठणं होतं तिथेच. व्यायाम चुकला का?

व्यायाम चुकला नाही, अपुरा पडला. बसून पाय सरळ करताना एक स्नायू एकटा काम करतो आणि पाऊल हवेत असतं. जिना उतरताना पाऊल जमिनीवर रोवलेलं असतं, गुडघा वाकत असताना त्याच स्नायूला लांब होत होत वजन धरायचं असतं, आणि त्याच वेळी कुल्ल्याने कंबर समपातळीत व घोट्याने तोल सांभाळायचा असतो. स्नायू ज्या पद्धतीने शिकतो त्याच पद्धतीत तो तरबेज होतो.

जिना इतका अवघड का, याचं मोजमाप झालेलं आहे. बर्लिनमध्ये काही जणांना दाब मोजणारे संवेदक असलेले कृत्रिम गुडघे बसवले होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींनुसार सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार येतो, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना जवळपास ३.५ पट. खुर्चीतून उठताना सुमारे अडीच पट.

नुसतं वजन वाढवत नेऊन हे सुटत नाही. अमेरिकेत ३७७ जणांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जड वजनाचे व्यायाम, हलक्या वजनाचे व्यायाम आणि नुसतं आरोग्यविषयक मार्गदर्शन असे तीन गट होते. १८ महिन्यांनी तिन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं, पण गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. ताकद निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. ताकद लागतेच. पण दुखणं कमी व्हायला जास्तीत जास्त किलो उचलायला हवेत, हा समज मात्र टिकत नाही.

आता तुमच्यासाठी दोन व्यायाम. दोनच, पण नीट.

खुर्चीतून उठणं-बसणं: न हलणारी, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढे सरकून बसा. पावलं कमरेइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या रेषेपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर मागे. पावलं पुढे राहिली तर उठताना हिसका द्यावा लागतो. नाक चवड्यांच्या वर येईपर्यंत कमरेतून पुढे झुका आणि दोन सेकंदांत उठा. बसताना चार सेकंद घ्या. शेवटच्या चार बोटांच्या अंतरात धपकन बसलात, तर नेमका तिथेच ताबा नाही. खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा, ताबा आला की उशी काढा. ८ ते १० वेळा, दोन ते तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस.

यात एक लबाडी शरीर न सांगता करतं: वजन चांगल्या पायावर टाकतं. आरशातही ते पटकन दिसत नाही. शक्य असेल तर दोन सारखे वजनकाटे घेऊन एकेका पावलाखाली एकेक ठेवा आणि समोर कुणाला तरी आकडे वाचायला बसवा. ७० किलोच्या माणसाचे ४५ आणि २५ असे आकडे आले, तर इतके दिवस चांगल्याच पायाचा व्यायाम होत होता. आकडे जवळ येतील इतक्याच वेगाने आणि तेवढ्याच उंचीवरून करा.

पायरी उतरणं: १० सेंटिमीटर उंचीच्या भक्कम पाटावर किंवा पायरीवर दुखऱ्या पायाने उभे राहा, हात कठड्याजवळ, समोर आरसा. चांगल्या पायाची टाच तीन सेकंद घेत खाली आणा, जमिनीला नुसती टेकवा, वजन न टाकता परत वर. आरशात तीन गोष्टी बघायच्या. वाटीचा मध्य पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा, आत कोसळता कामा नये. कमरेची चांगल्या पायाकडची बाजू खाली पडायला नको. छाती एका बाजूला कलायला नको. ही रेष बिघडेपर्यंत जितके होतील तितकेच मोजायचे, मग ते चार का असेनात. न बिघडता १० वेळा दोन फेऱ्या झाल्या की पायरी १५ सेंटिमीटरची करा. घरातल्या जिन्याची पायरी बहुधा याहून फार उंच नसते.

अशा पद्धतीला न्यूरोमस्क्युलर व्यायाम म्हणतात. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम याच धर्तीवर चालतो: माहितीची सत्रं आणि सहा आठवड्यांत देखरेखीखाली १२ व्यायामसत्रं. आज तो इतर अनेक देशांत पोचला आहे. त्यात अंगाची रेष बिघडली की व्यायामाची पायरी सोपी केली जाते. ही शिस्त घरीही पाळता येते.

प्रगती मोजायला साधारण ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवर, हात छातीशी घडी घालून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. आकडा लिहून ठेवा आणि दर चार आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा. पहिल्या दोन-चार आठवड्यांतली वाढ मुख्यतः हुकूम सुधारल्याने येते, स्नायू भरायला आठ ते बारा आठवडे लागतात.

व्यायामाने गुडघा दुखतो. एक जण म्हणतात दुखलं तरी करा, दुसरे म्हणतात दुखेल तिथे थांबा. कुणाचं ऐकू?

आकड्याचं ऐका. शून्य म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे असह्य. व्यायाम करताना ३ पर्यंतचं दुखणं चालेल, ५ ही वरची हद्द. त्याहून महत्त्वाची दुसरी अट: वाढलेलं दुखणं २४ तासांत पूर्वीच्या पातळीवर यायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा जास्त ताठ किंवा सुजलेला असेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं. व्यायाम बंद करू नका, वेळा निम्म्या करा किंवा खुर्ची उंच करा. वाढवतानाही एका वेळी एकच गोष्ट वाढवा: वेळा, वजन, खोली किंवा वेग. सगळं एकदम वाढवलं तर गुडघा कशाने चिडला, हे कळायला मार्ग उरत नाही.

मांडीच्या मांसात एक-दोन दिवस राहणारी आंबलेली दुखणी सांध्याची नसतात, त्यांना घाबरू नका. मात्र गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असून ताप असेल, गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, पडल्यावर पायावर भार देता येत नसेल, किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

काठी कोणत्या हातात धरायची? दुखऱ्या बाजूला धरली की आधार जास्त वाटतो.

दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. दुखऱ्या पायावर उभं असताना शरीराचं वजन त्या गुडघ्याच्या आतल्या बाजूने खाली येतं. विरुद्ध हातातली काठी त्याच बाजूने, गुडघ्यापासून दूरवर, वर ढकलते, म्हणून थोड्या जोराने बराच भार हलका होतो. दुखऱ्याच बाजूला धरली की अंग त्या बाजूला झुकतं आणि चाल बिघडते. चपला-बूट घालून हात सैल सोडून उभे राहा. काठीची मूठ मनगटाच्या वळीशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर २० ते ३० अंश वाकेल. काठी दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाका. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

माझे पाय गुडघ्यात धनुष्यासारखे बाहेर वाकले आहेत. बुटात बाहेरून उंच असलेली गादी घालावी का? पावलं आत किंवा बाहेर वळवून चाललं तर उपयोग होतो, हे खरं का?

सरळ पायांतही चालताना गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावर बाहेरच्यापेक्षा जास्त भार येतो. धनुष्यासारख्या पायांत तो आणखी वाढतो. बाहेरून उंच गादी तो भार किंचित कमी करते, हे मोजून दिसतं. पण वर्षभराच्या तुलनेत तिने साध्या सपाट गादीपेक्षा दुखणं जास्त कमी झालेलं आढळलं नाही. आम्ही तिचा आग्रह धरत नाही. बूट सपाट टाचेचे, टाचेभोवती घट्ट बसणारे, सहज न पिळवटणारे घ्या. उंच टाचा सोडाच, रुंद असल्या तरी.

पावलं वळवण्याबद्दल: तत्त्व खरं आहे. पाऊल ५ ते १० अंश आत किंवा बाहेर वळवल्याने आतल्या कप्प्यावरचा भार बदलतो. पण एकाला आत वळवून फायदा होतो, दुसऱ्याला बाहेर, आणि चुकीच्या दिशेला वळवलं तर भार वाढतोही. चाल मोजणाऱ्या प्रयोगशाळेत आपली दिशा कळल्याशिवाय हा प्रयोग मनाने करू नका.

कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंकडे मात्र जरूर लक्ष द्या. कुशीवर झोपा, पाठ आणि टाच भिंतीला टेकवा, वरचा पाय टाच भिंतीला घासत एक फूट वर न्या आणि तीन सेकंदांत खाली आणा. १० वेळा, तीन फेऱ्या. बोटं छताकडे वळली किंवा कंबर मागे लवंडली की काम मांडीच्या पुढच्या भागाकडे जातं आणि व्यायाम वाया जातो. भिंत त्यासाठीच. या व्यायामाने आतल्या कप्प्यावरचा भार कमी होत नाही, दुखणं आणि चालणं सुधारतं. तेवढ्यासाठी तो करण्यासारखा आहे.

आणि वजन. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यात १ किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो. बुटातल्या कुठल्याच गादीला हे जमत नाही.

गुडघा पूर्ण सरळ होत नाही. रात्री खाली उशी घेतली की बरं वाटतं. घेत राहू का?

बरं वाटतं कारण गुडघा साधारण ३० अंश वाकलेला असताना सांध्याच्या आतला दाब सर्वांत कमी असतो. पण रोज रात्री तसंच झोपलं की मागचे स्नायू आणि आवरण आखडतात. मग उभं असतानाही गुडघा वाकलेला राहतो आणि पुढच्या स्नायूला दिवसभर सुट्टी मिळत नाही. उशी काढा. दिवसातून दोन-तीनदा टाचेखाली गुंडाळी ठेवून गुडघा खालून मोकळा सोडा, १० मिनिटं. शेवटी पहिल्या उत्तरातला दाबण्याचा व्यायाम १० वेळा करा, कारण मिळवलेले अंश स्नायूने धरले तरच टिकतात. सरळ करताना आत काहीतरी टणक अडत असेल तर ताणू नका, तपासून घ्या.

आई ७८ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजले आहेत. पडायच्या भीतीने ती खोलीबाहेर येत नाही. तोलाचा व्यायाम या वयात सुरक्षित आहे का?

नीट आधार ठेवला तर आहे, आणि आईंना त्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. झिजलेला गुडघा किती वाकला आहे याची खबर मेंदूला नीट देत नाही. मग नजर जमिनीला खिळते, पाय ताठरतात, आणि ताठर पायाला अडखळल्यावर सावरता येत नाही.

त्यांना खोलीच्या कोपऱ्यात, पाठ कोपऱ्याकडे करून उभं करा, समोर जड खुर्चीची पाठ, शेजारी तुम्ही. पावलं जुळवून ३० सेकंद. जमलं की एक पाऊल अर्ध्याने पुढे. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, १० सेकंदांपासून. त्यानंतर दोन्ही पायांवर वजन डावीकडे-उजवीकडे नेणं. हात खुर्चीवर टेकलेला, मग दोन बोटं, मग नुसता जवळ. डोळे मिटायला सांगू नका. रोज पाच मिनिटं पुरे.

हे जमू लागलं की त्यांच्याशी बोलत बोलत करा, किंवा १०० मधून तीन-तीन वजा करायला सांगा. रोजच्या चालण्यात लक्ष गुडघ्यावर नसतंच, म्हणून तोल लक्षाशिवायही टिकायला हवा. झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्यांनी त्यांना गरगरतं का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

गुडघा बदलायची शस्त्रक्रिया दोन महिन्यांनी ठरली आहे. आता व्यायाम करून काय उपयोग?

शस्त्रक्रियेने सांध्याचे पृष्ठभाग बदलतात, स्नायू आणि त्याला मिळणारा हुकूम तुमचा जुनाच राहतो. उलट सुजेमुळे पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटते, आणि यात स्नायू बारीक होण्यापेक्षा हुकूम न पोचण्याचा वाटा मोठा असतो. आधी ज्यांची मांडी बळकट असते, ते वर्षाने जिना आणि उठणं-बसणं यांत पुढे असतात. हातात आठ आठवडे आहेत. गुंडाळी दाबणं रोज, खुर्चीचा व्यायाम आठवड्यातून तीनदा, टाचेखाली गुंडाळी ठेवून गुडघा सरळ करणं रोज. वॉकर आधीच आणून उंची लावून घ्या आणि त्यावर चालून बघा. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलात की करायचं पहिलं काम म्हणजे मांडीवर हात ठेवून गुडघा खाली दाबणं, आणि तो गोळा बोटांना लागतोय का ते बघणं.